राखीव दिवस : अबिस्को ते निकालुओक्ता, बर्फातून १०५ किलोमीटर

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, कुंग्सलेडेन नावाची वाट सुरू होते. कुंग्सलेडेन म्हणजे राजाची वाट. अबिस्कोपासून हेमावानपर्यंत साधारण ४४० किलोमीटर. तिचा उत्तरेकडचा तुकडा, अबिस्को ते निकालुओक्ता, मी मार्च २०२५ मध्ये गाइडबरोबर स्कीवरून पार केला. तयारीला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत मराठीत या वाटेबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नाही आणि साध्या साध्या गोष्टींसाठी रात्र रात्र शोधत बसावं लागलं. कुणाला जायचं असेल तर त्याच्या तेवढ्या रात्री वाचाव्यात, म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. वय ४६. सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकंती चालू आहे, केदारकंठा बर्फात केला आहे. स्की मात्र कधी पायात चढवली नव्हती. बरोबर भाचा होता, वय २९, गोथेनबर्गला नोकरीला. त्याने दोन हिवाळे थोडंफार स्कीइंग केलेलं.

जून २०२४ मध्ये ठरलं की जायचं. कुठे, ते मात्र ठरायचं होतं. माझ्या डोक्यात स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेची उत्तर ध्रुवाजवळची बेटं, होतं. पण तिथे वस्तीबाहेर पडलं की ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याची साधनं जवळ ठेवावी लागतात, म्हणजे सगळा प्रवासच त्या धास्तीभोवती आखायचा. शिवाय स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. आपण नॉर्वेतून तिकडे गेलो की शेंगेनच्या बाहेर पडलो असं धरलं जातं, त्यामुळे परत यायला किमान दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. हे तिकीट काढल्यावर कळलं तर काय होईल, याचा विचार करा. दुसरा पर्याय सारेक, स्वीडनमधलंच राष्ट्रीय उद्यान. तिथे ना झोपड्या, ना खुणा केलेली वाट. पहिल्याच खेपेला तिकडे जाणं मला जिवाशी खेळणं वाटलं. कुंग्सलेडेनच्या या तुकड्यात दर १२ ते २० किलोमीटरवर स्वीडिश पर्यटक संघटनेची झोपडी आहे, आणि हिवाळी वाटेवर खांबांना लावलेले लाल फुलीचे फलक आहेत. धुक्यातही एका फुलीपासून दुसरी सहसा दिसते. हे वाचलं आणि निर्णय झाला.

महिना कोणता, हाही प्रश्न होता. डिसेंबरमध्ये अबिस्कोला बरेच दिवस सूर्य उगवतच नाही. झोपड्या हिवाळ्यात साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत उघड्या असतात. मार्चच्या मध्याला दिवस-रात्र जवळजवळ सारखे, बर्फ घट्ट, थंडी कडक पण सोसण्यासारखी. अडचण एकच. मार्चमध्ये अकाउंट्सच्या माणसाला रजा मिळणं म्हणजे काय, हे त्या खात्यात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

ऑगस्टमध्ये तीन गाइड कंपन्यांना मेल केले. एकीने छापील माहितीपत्रक धाडलं, दुसरीचं उत्तरच आलं नाही. तिसरीने मलाच चौदा प्रश्न विचारले. बारा किलो पाठीवर घेऊन सलग किती तास चालता? याआधी थंडीत बोटं बधिर झाली आहेत का? कोणती औषधं चालू आहेत? वाऱ्यात एक दिवस अडकून पडलात तर परतीचं विमान चुकेल का? हा शेवटचा प्रश्न वाचून मी तीच कंपनी निवडली. गट जास्तीत जास्त आठ जणांचा, रोज चालायचे सात दिवस आणि वर एक राखीव. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की आठव्या दिवशी काहीही बुक करू नका, तो दिवस हवामानाचा आहे.

खरं सांगते, तेव्हा मला तो दिवस वाया जाणारा वाटला होता. रजेतला एकेक दिवस मोजून मागायचा होता. मी परत विचारलं, हा दिवस काढून टाकला तर चालेल का? उत्तर एका ओळीचं आलं. चालेल, पण मग आम्ही तुम्हाला नेणार नाही. साहेबांसमोर हा मेल ठेवला. त्यांनी वाचला, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "२४ तारखेला सकाळी तुम्ही खुर्चीत पाहिजेत, बाकी मी बघतो." नियोजनाचा कणा त्या दिवशी ठरला.

सप्टेंबरमध्ये पैसे पाठवले. सहलीचे, झोपड्या आणि गाइडसह, १७,९०० क्रोनर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ४५ हजार रुपये. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म, पॅन आणि कंपनीचं बिल लागतं. बिलावर काय लिहिलंय याकडे नीट बघा. माझ्या बिलात राहणं आणि प्रवास एकत्र होता, म्हणून बँकेने टूर पॅकेज धरलं आणि तेव्हाच्या नियमाने ५ टक्के टीसीएस, म्हणजे आधीच गोळा केला जाणारा कर, ७,२५० रुपये, वेगळे घेतले. हे पैसे बुडत नाहीत, आयकर खात्याच्या नोंदीत दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात. पण त्या दिवशी खात्यात तेवढी रक्कम जास्त असावी लागते. माझ्या खात्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी परत रांग लावली.

ऑक्टोबरपासून शरीराची तयारी. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला स्कूटरचा जुना टायर. पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर हा टायर ओढत चालायचं, आठवड्यातून चार दिवस. आम्हा दोघांत मिळून एक पुल्का, म्हणजे सामानाची घसरगाडी, ओढायची होती आणि त्याला याहून चांगला सराव नाही, असं गाइड कंपनीनेच कळवलं होतं. पहिल्या आठवड्यात मांड्यांपेक्षा पाठीचा खालचा भाग भरून आला. डिसेंबरपर्यंत टायरमध्ये दोन विटा बांधून अडीच तास जमायला लागलं.

थंडीचा सराव पुण्यात कुठे करणार? मैत्रिणीच्या दिरांचं शीतगृह आहे, तिथे गोठवलेले मटार उणे १८ अंशांत ठेवतात. त्यांना विनंती केली. जानेवारीत दोन वेळा, प्रत्येकी चाळीस मिनिटं, कामगार बाहेर उभा आणि मी आत मटारच्या पोत्यांमध्ये. जाड मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहतात असा हातमोजा, घालून थर्मासचं झाकण उघडणं, जॅकेटची चेन लावणं, बॅगेतून टॉर्च काढणं, एवढंच केलं. पहिल्या वेळी चेन लागेना म्हणून मिटन काढला. तीन मिनिटांत बोटांना काही कळेनासं झालं. घरी येऊन सगळ्या चेनच्या सरकत्या टोकांना सुतळीचे लांब फास बांधले, मिटनमधल्या हातानेही सापडतील असे. पुढे वाटेवर गाइडने सगळ्यांच्या जॅकेटला तेच करायला लावलं. माझ्या जॅकेटला ते आधीच होतं.

आता व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झालं आहे, वर केंद्राचं सेवाशुल्क. माझे एकूण दहा हजारांच्या आसपास गेले. मुंबईतल्या अर्ज केंद्राची वेळ मिळाली २ जानेवारीची. तीन वर्षांचे आयकर रिटर्न, सहा महिन्यांचं बँकेचं शिक्क्यासह स्टेटमेंट, रजेचं पत्र, पगारपत्रकं, तिकीट, विमा, सगळं क्रमाने लावून नेलं होतं. गाडी अडली मुक्कामाच्या पुराव्यावर. खिडकीवरच्या मुलीने हॉटेलचं बुकिंग मागितलं. मी झोपड्यांच्या आरक्षणाचा कागद दिला. तिने पत्ता विचारला. त्या झोपड्यांना रस्ता नाही, घर क्रमांक नाही. जवळचा गाडीरस्ता एक-दोन दिवसांच्या चालीवर. ती म्हणाली, पत्ता नसेल तर फाइल अपुरी लागेल, तुम्ही सही करून द्या. पोटात गोळा आला. नशिबाने मी आदल्या रात्री एक जादा पान केलं होतं. तारीख, झोपडीचं नाव, आधीच्या झोपडीपासूनचं अंतर, अक्षांश-रेखांश आणि खाली छोटा नकाशा. तिने ते आतल्या वरिष्ठांना दाखवलं आणि पान फाइलला लागलं. तुम्ही जाणार असाल तर हे पान आधीच करा आणि सोबतच्या पत्रात सरळ लिहा की मुक्काम रानातल्या झोपड्यांत आहे, गाइड कंपनीचं पत्र जोडलं आहे. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, तो ४५ पर्यंतही लांबू शकतो. माझा पासपोर्ट १९ व्या दिवशी हातात आला. अर्जात परतीची तारीख लिहिताना मी राखीव दिवसही धरला होता, विमा तर २४ मार्चपर्यंत काढला होता. व्हिसा त्या तारखांना धरूनच मिळतो, म्हणून तिथे काटकसर करू नका.

विम्याचं वेगळं सांगायला हवं. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते देणाऱ्या स्वस्त पॉलिसी भरपूर मिळतात. मी तशीच एक घेतली. पंधरा दिवसांनी वर्जित बाबींचं पान वाचलं, तर हिवाळी खेळ आणि मार्गदर्शित ट्रेक दोन्ही वगळलेले! व्हिसाच्या दृष्टीने पॉलिसी बरोबर, माझ्या कामाची शून्य. कंपनीने बदलून द्यायला नकार दिला, दुसरीकडे हिवाळी खेळांसह नवीन घ्यावी लागली. आधीचे पैसे गेले ते गेले. पैसे भरण्याआधी वर्जित बाबींचं पान मागवा. स्वीडनमध्ये डोंगरातलं बचावकार्य पोलिसांच्या अखत्यारीत चालतं आणि आपत्कालीन क्रमांक ११२. पण या वाटेवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजच नाही. झोपड्यांमध्ये मदतीचा फोन असतो, आणि गाइडकडे उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र. असं यंत्र आपणही घ्यावं असं मला वाटलं होतं. घेऊ नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बाळगणं गुन्हा आहे, आणि संदेश धाडणारी जीपीएस यंत्रंही त्यातच धरली जातात. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रांवरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. यंत्र तिथेच भाड्याने घ्या, तिथेच परत करा.

सामानात मी विकत घेतलं ते फक्त अंगाला लागणारं. लोकरीचे आतले कपडे दोन जोड, लोकरी मोजे चार, पातळ हातमोजे दोन, डाउन जॅकेट. एकूण ३१ हजार. सुती काहीही नाही, अगदी रुमालसुद्धा नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम अंगावर गार होतो. स्की, बूट, काठ्या, मिटन, वाऱ्याचं बाहेरचं जॅकेट आणि पुल्का अबिस्कोला भाड्याने, ३,२०० क्रोनर. बूट एक नंबर मोठेच घ्या. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि मग कितीही मोजे घाला, पाय गारच.

खाण्याचंही सांगते. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, तुपातले लाडू सगळं बाद. आईने तेलावरचा तिळगूळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि खजूर बांधून दिले. तिळाचे लाडू उणे वीसमध्ये गोट्यांसारखे होतात. सकाळी निघताना दोन लाडू आतल्या खिशात, पोटाजवळ ठेवायचे. अकरा वाजेपर्यंत दाताला लागतात.

८ मार्चला मुंबईहून निघाले. ९ ला स्टॉकहोम, तिथे भाचा भेटला. १० च्या संध्याकाळी रात्रीच्या गाडीत बसलो आणि ११ ला दुपारी अबिस्को. ही लोहमार्गाची शाखा किरुनाचं लोहखनिज नॉर्वेतल्या नार्विक बंदराला नेण्यासाठी बांधलेली, आजही खनिजाच्या लांबच लांब गाड्या समोरून जातात. अबिस्कोला दोन स्टेशनं आहेत, गावाचं अबिस्को ओस्त्रा आणि पुढचं अबिस्को तुरिस्तस्टेशन. वाट दुसऱ्यापासून सुरू होते. सामान घेऊन चुकीच्या ठिकाणी उतरू नका.

पुढचे दीड दिवस गाइडने आम्हाला सपाटीवर शिकवलं. डोंगरातली स्की उताराच्या स्कीपेक्षा वेगळी असते. टाच मोकळी, कडांना पोलाद, चढावर खालून पट्टी लावायची. मी पहिल्या तासात अकरा वेळा पडले. पडायचं कसं आणि उठायचं कसं, हेच आधी शिकवलं. पुल्का बाजूला घे, स्की उताराला आडव्या कर, गुडघ्यावर ये, मग उभी राहा. नंतर सगळ्यांना फावडं आणि विंडसॅक दिली. विंडसॅक म्हणजे दोन माणसं बसतील अशी पातळ कापडाची पिशवी. वादळात बर्फात खड्डा करून तिच्यात शिरायचं. घड्याळ लावून आमच्याकडून तीन वेळा खणून घेतलं.

१३ मार्चला निघालो. पहिला टप्पा १५ किलोमीटर, अबिस्कोयाउरेपर्यंत, बर्चच्या झाडांतून आणि गोठलेल्या नदीकाठाने. हिवाळी वाट उन्हाळ्यापेक्षा वेगळी जाते, बऱ्याच ठिकाणी थेट तलावांवरून. तलावाला नदी मिळते किंवा तिथून निघते त्या तोंडांशी बर्फ पातळ असतो, त्यामुळे तिथे फुल्या सोडायच्या नाहीत, जवळची वाट दिसली तरी.

झोपडीत वीज नाही, नळ नाही. लाकडाची शेगडी, गॅस, बंक आणि एक वॉर्डन. बाकी सगळी कामं पाहुण्यांची. त्या संध्याकाळी पाण्याची पाळी आमची होती. घसरगाडीवर दोन झाकणाच्या बादल्या लादून तलावावर गेलो. बर्फात एक फळी दिसते, वर बर्फ ढकलून ठेवलेला, म्हणजे भोक लवकर गोठू नये. फळी उचलली तर खाली हातभर जाडीच्या बर्फाची गोल विहीर आणि तळाला काळंभोर पाणी, वर नुकतीच धरलेली काचेसारखी साय. लोखंडी पहारीने ती फोडली. तुकडे वर आले आणि एकमेकांवर किणकिणले. लांब दांड्याच्या डावाने बादली भरायची, कडेला सांडू द्यायचं नाही, कारण सांडलेलं तिथेच गोठून पुढच्या माणसाचा पाय घसरतो. माझ्या मिटनवर चार थेंब पडले, झोपडीपर्यंत त्यांचे मणी झाले होते. परत फळी, परत त्यावर बर्फ.

त्या रात्री होळी होती. हे मला बादली वाहताना आठवलं, कारण समोर डोंगरामागून पौर्णिमेला टेकलेला चंद्र वर आला आणि सगळी दरी उजळली. भाचा शेगडीत लाकडं घालत होता. मी आईचा तिळगूळ शेगडीजवळ ठेवला, हात जोडले. गटातल्या एका जर्मन बाईंनी विचारलं म्हणून होळी म्हणजे काय ते सांगितलं. मग सगळ्यांनी एकेक लाडू खाल्ला.

१४ ला अलेसयाउरे, २० किलोमीटर. सगळ्यात लांब दिवस आणि पुढचा अर्धा उघड्यावर. तापमान उणे १५, वारा सेकंदाला दहा मीटर. एवढ्या वाऱ्यात उघड्या कातडीला ते उणे २७ सारखं लागतं. दर अर्ध्या तासाने जोडीदाराचं तोंड तपासायचं असा नियम होता. दुपारी भाच्याने मला थांबवलं. "मावशी, गालावर पांढरा ठिपका आलाय." मला काहीही जाणवत नव्हतं. गाइडने स्वतःचा मिटन काढून उबदार तळवा माझ्या गालावर धरून ठेवला. चोळायचं नाही, नुसतं धरायचं. दोन मिनिटांनी तिथे सुया टोचायला लागल्या, म्हणजे रक्त आलं. थंडीत इजा होताना दुखत नाही. म्हणूनच एकट्याने जाऊ नये.

त्याच दिवशी बोटांचंही झालं. फोटोसाठी मी मिटन काढला, पातळ हातमोजा होता म्हणून निर्धास्त. फोनची बॅटरी ६० टक्क्यांवरून सरळ बंद पडली, ती परत चालू होते का बघण्यात मिनिटं गेली. उजव्या हाताची दोन टोकं मेणासारखी झाली. काखेत धरून परत आणली, पण त्यांचा बधिरपणा पुढे तीन आठवडे राहिला. बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा आणि फोटो गाइडला विचारून, आडोशाला काढा.

संध्याकाळी वॉर्डनने हवामानाचा अंदाज हाताने लिहून दाराशी लावला. १५ मार्च, खिंडीत वारा सेकंदाला २० मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला खिडकीतून वीस पावलांवरचं लाकडांचं खोपट दिसत नव्हतं. संडास साठ-सत्तर पावलांवर, तिथे जायलाही दोघांनी जायचं. गाइडने सांगितलं, आज इथेच.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. शेक्त्याची खिंड, सुमारे ११५० मीटर, या वाटेचा सगळ्यात उंच भाग. पुढचे सगळे मुक्काम त्यावर अवलंबून. गटातल्या दोघांनी विचारलंही की निदान शेक्त्याच्या झोपडीपर्यंत जाऊ या, १३ किलोमीटर तर आहे. गाइडने वाद घातला नाही. तिने चहा ओतला आणि अनारिसची हकीकत सांगितली. फेब्रुवारी १९७८. याच देशात, दक्षिणेकडे येम्तलांडच्या डोंगरात नऊ जण स्कीवर निघाले, अंतर फार नव्हतं, वाटेत वाऱ्याने गाठलं. आठ जण गेले, एक वाचला. स्वीडनमध्ये डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगतात, असं ती म्हणाली. आमच्या हातात फावडी का दिली होती ते तेव्हा कळलं. नंतर पुन्हा कुणी विचारलं नाही.

तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. आम्ही लाकडं कापली, पाणी आणलं, सांडपाण्याची बादली रिकामी केली, मोजे वाळवले. अलेसयाउरेला छोटं दुकान आहे, तिथून वाटाण्याच्या सुपाची पाकिटं घेतली आणि त्यात मेतकूट घातलं. लाकडावर तापवलेली सौना, म्हणजे वाफेची खोली, आहे, तिथे पाळी लावून गेलो. वारा भिंतीवर अखंड आदळत होता. मी बंकवर पडून हिशेब केला की आठवा दिवस काढून टाकला असता तर आज आम्ही काय केलं असतं. विमान गाठायच्या घाईत त्या दोघांचं ऐकून मीही बाहेर पडायला तयार झाले असते. मला ते स्वतःबद्दल अगदी स्पष्ट दिसलं.

१६ ला वारा पडला. शेक्त्याच्या झोपडीला पोचलो, १७ ला खिंड. चढ लांब पण सौम्य, वर पोचल्यावर पलीकडची शेक्त्यावग्गे दरी एकदम खाली उलगडते. उतारावर मी स्कीवरून सरळ खाली न जाता आडवी आडवी गेले, चार वेळा पडले, पुल्का एकदा अंगावर आली. त्या रात्री सेल्काची झोपडी, मग १८ ला सिंगीची. सिंगीला दुकान नाही, सौना नाही, तेव्हा खाण्याचा साठा सेल्कालाच बघून घ्या. या मुलखात सामी लोकांचे रेनडिअर चरतात. वसंतात गाभण माद्या डोंगराकडे सरकतात, कळप दिसला तर थांबायचं, आडवं जायचं नाही, त्यांना पळायला लागू द्यायचं नाही. आम्हाला सिंगीच्या अलीकडे वीस-बावीस दिसले. पाऊण तास थांबलो.

बायकांसाठी एक. थरांवर थर घातलेले असताना वाऱ्यात उघड्यावर बसणं हीच मोठी कटकट असते. उभ्याने वापरायचं सिलिकॉनचं नरसाळं आणि रात्रीसाठी रुंद तोंडाची बाटली, दोन्ही घ्या आणि घरी सराव करा. पाणी कमी पिऊन भागवायचं म्हटलंत तर थंडी जास्त वाजते आणि पायात गोळे येतात. मी पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

प्रत्येक झोपडीत एक रीत आहे. निघण्याआधी पुढच्या माणसासाठी कोरडी, बारीक फोडलेली लाकडं शेगडीशेजारी रचून ठेवायची. जो वादळातून गारठून येईल त्याला कुऱ्हाड धरता येणार नाही, पण काडी ओढता येईल. सिंगीला सकाळी ते काम मी मागून घेतलं. बर्चची साल कागदासारखी सुटते, ती वर ठेवली.

१९ ला केबनेकाइसेचं डोंगरकेंद्र. तिथे वीज, गरम पाणी, ताटात वाढलेलं जेवण. २० मार्चला शेवटचे १९ किलोमीटर, निकालुओक्ता. मूळ ठरल्यापेक्षा बरोबर एक दिवस उशीर. बसने किरुनाला तासाभरात पोचलो, रेंज आली आणि आईचे सतरा मेसेज एकदम वाजले. तिला मी सात दिवस फोन लागणार नाही असं सांगितलं होतं, आठवा दिवस सांगायला विसरले होते. हे विसरू नका. २१ ला किरुना-स्टॉकहोम विमान, २२ च्या रात्री मुंबई, २४ ला सकाळी खुर्चीत.

एकूण खर्च ३ लाख ४८ हजार. सहल १,४५,०००, मुंबई-स्टॉकहोम जाणं-येणं ६२,०००, कपडे ३१,०००, भाड्याचं सामान २७,०००, स्टॉकहोम आणि किरुनाचे मुक्काम २२,०००, जेवणखाण १४,०००, किरुनाहून विमान १२,०००, रात्रीची गाडी ११,०००, व्हिसा १०,०००, अबिस्कोचे मुक्काम ९,०००, विमा ५,०००. वाया गेलेली पहिली पॉलिसी आणि टीसीएस यात धरलेले नाहीत. कपडे पुढेही वापरता येतील, आणि दोघी-तिघी मिळून गेलात तर पुल्का आणि मुक्काम वाटून घेता येतात.

टायर अजून गॅलरीत आहे. पट्टा आणि दोरीसकट. ऑक्टोबरपासून तो माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे जाणार आहे, तिने पुढच्या मार्चसाठी मेल धाडला आहे आणि तिला चौदा प्रश्न आले आहेत.